नावाचा हक



जुन्या सिनेमाचे आणि जुन्या गाण्यांचे शौकीन गावोगावी असतात, तसे आमच्या लाखनीतही आहेत. संध्याकाळी पानठेल्याजवळ, लग्नघरी जेवणं आटोपल्यावर, नाहीतर शाळेच्या मधल्या सुट्टीत दोघे-तिघे भेटले की त्यांची प्रश्नोत्तरं सुरू होतात. या गाण्याचा संगीतकार कोण? ती लहान मुलगी पुढे कोणती नटी झाली? दहा-पंधरा वर्षं रखडलेला सिनेमा कोणता? बरोबर उत्तर देणाऱ्याला बक्षीस काही नसतं, फार तर एक चहा. पण चेहरा असा खुलतो की जणू दहावीचा निकाल लागला!

"या माहितीचा उपयोग काय हो?" हा प्रश्नही घरोघरी विचारला जातो, विशेषतः भाजी आणायला उशीर झाला की. आम्हीही या शौकिनांपैकीच, म्हणून या महिन्यात त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गाणंबजावणं जायज की नाजायज, याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्या मसल्यात शिरण्याइतका आमचा इल्म नाही. ज्यांच्या घरी गाणी ऐकली जात नाहीत त्यांनीही पान उलटू नये, कारण आजचा विषय माणसांच्या मेहनतीचा आणि त्या मेहनतीवर लागणाऱ्या नावाचा आहे.

कमाल अमरोही यांचा 'पाकीजा' सगळ्यांना ठाऊक आहे. तो ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला आणि ३१ मार्चला मीना कुमारी गेल्या, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण त्यातली गाणी कुणाची, असं विचारलं तर निम्मे लोक पटकन 'नौशाद' म्हणतात. गाणी गुलाम मोहम्मद यांची आहेत. ते बिकानेरचे, तबला-ढोलकीत तयार असलेले, आणि कितीतरी वर्षं नौशाद यांचे सहायक. सोहराब मोदींच्या 'मिर्झा गालिब'चं (१९५४) संगीतही त्यांचंच. 'पाकीजा' रखडत गेला आणि मार्च १९६८ मध्ये गुलाम मोहम्मद अल्लाहला प्यारे झाले. आपली गाणी पडद्यावर आलेली त्यांनी पाहिलीच नाहीत. राहिलेलं पार्श्वसंगीत नौशाद यांनी पूर्ण केलं.

पुढचा भाग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. १९७३ च्या फिल्मफेअर पुरस्कारांत संगीताचा पुरस्कार 'बेईमान' या चित्रपटासाठी शंकर-जयकिशन यांना मिळाला. त्याच 'बेईमान'मधल्या कामासाठी प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. प्राण यांनी तो नाकारला. संगीताचा मान 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मद यांचा होता, असं त्यांचं म्हणणं होतं. विचार करा. पुरस्कार मिळालेला सिनेमा स्वतःचाच होता. ज्याच्यासाठी बोलायचं तो माणूस पाच वर्षांपूर्वी कबरीत गेलेला. त्याच्याकडून ना काम मिळणार होतं, ना शुक्रिया. तरी प्राण बोलले. पडद्यावर आयुष्यभर खलनायक रंगवलेल्या माणसाची ही गोष्ट आम्ही वर्गात मुलांना आवर्जून सांगतो.

आता याला जोडून दुसरी गोष्ट. कमाल अमरोही यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'महल', १९४९ सालचा. त्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश. हेही बिकानेर संस्थानातल्या सुजानगढचे. ऑगस्ट १९४९ मध्ये ते वारले आणि 'महल' त्यानंतर प्रदर्शित झाला. म्हणजे दिग्दर्शक एकच, दोन्ही चित्रपटांची गाणी अमर झाली, आणि दोन्ही वेळा संगीतकाराला ते यश बघायला मिळालं नाही. आणखी एक दुवा असा की नौशाद उमेदवारीच्या काळात खेमचंद प्रकाश यांच्या हाताखाली काम करत होते, आणि गुलाम मोहम्मद नौशाद यांच्या हाताखाली. उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेली ही साखळी हाताशी लागली की शौकीन माणसाला त्या रात्री झोप येत नाही.

'महल'मधल्या त्या प्रसिद्ध गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! गाणारी होती वीस वर्षांची लता मंगेशकर. आवाज ऐकून लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, ही कोण गाते? तेव्हा कुठे खरं नाव लोकांपर्यंत पोचलं. म्हणजे लताबाईंचं नाव पुढे आलं ते ऐकणाऱ्यांच्या चौकशीमुळे. 'उपयोग काय' असं विचारणाऱ्यांना आमचं पहिलं उत्तर हेच आहे.

रेडिओचाही नावावरून मोठा किस्सा आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपले मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेसंगीताचं वावडं होतं. त्या काळात आकाशवाणीने चित्रपटाचं नाव सांगणं बंद केलं, कारण ती जाहिरात होते म्हणे. फक्त गायकाचं नाव सांगायचं. निर्माते बिथरले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. देश मग रेडिओ सिलोनकडे वळला, आणि अमीन सायानी घरोघरचे झाले. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. गाण्याआधी गायक, गीतकार आणि संगीतकार ही तिन्ही नावं सांगायची तिची रीत आपल्या कानांत बसली आहे. आमच्या पिढीतल्या कित्येकांना शकील बदायुनी, साहिर लुधियानवी, शैलेंद्र ही नावं पुस्तकातून मिळालेली नाहीत. अम्मी सैपाक करत असताना ताकावरच्या रेडिओने ती दिली.

तिन्ही नावं सांगितली तरी मागे बरीच राहतात. गाण्याची सुरावट संगीतकाराची, पण चाळीस-पन्नास वाद्यांनी केव्हा काय वाजवायचं हे कागदावर उतरवणारा वेगळा माणूस असे. त्याला अरेंजर म्हणत. हे काम मुंबईत मुख्यतः गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी केलं, कारण त्यांना लहानपणापासून चर्चच्या शाळेत स्वरलिपी लिहा-वाचायला शिकवलेलं असे. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळत. त्यांच्या ढोलकीच्या चालीला वादकमंडळी 'दत्ताराम ठेका' म्हणू लागली. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनचे उस्ताद. प्यारेलाल त्यांचे शागिर्द. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या एका गाण्यात नायक स्वतःचं नाव हेच सांगतो. सारा देश ते गाणं म्हणत नाचला, पण हे नाव एका खऱ्या शिक्षकाचं आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. शिक्षकाला शागिर्दाने दिलेला एवढा मोठा नजराणा आम्ही दुसरा ऐकलेला नाही.

आपल्याकडे मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी देण्याची शिकवण आहे. आम्हाला वाटतं, नाव हाही मजुरीचाच भाग आहे. या बाबतीत आपली झाडीपट्टी मुंबईच्या पुढे आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक होतं. त्या नाटकाच्या पत्रकावर नट-नट्यांच्या खाली पेटीवाला, तबलावाला यांचीही नावं छापलेली असतात.

मात्र आमच्या शौकीन मंडळींची एक खोडही सांगितली पाहिजे. माहिती ऐकली की ती लगेच पुढे ढकलायची. 'आलम आरा'चंच बघा. पहिला भारतीय बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्यातलं पहिलं गाणं फकिराच्या भूमिकेत वजीर मोहम्मद खान यांनी गायलं. इथपर्यंत ठीक. पण पुढे हमखास कुणीतरी सांगतो की त्याची शेवटची प्रत २००३ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या आगीत जळाली. आग लागली होती हे खरं आहे. वर्तमानपत्रांतही तसं छापून आलं होतं. परंतु ते संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनीच खुलासा केला की 'आलम आरा'ची प्रत तिथे कधी नव्हतीच. ती त्याच्या कितीतरी आधी नाहीशी झाली होती. आता ज्यांनी आयुष्यभर डबा-डबा गोळा करून जुने सिनेमे वाचवले, त्यांच्याच माथी एक खोटा ठपका आपण चहा पिता पिता मारतो!

सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत ताकीद आहे की बातमी आली तर तिची शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी नुकसान करून बसाल आणि पस्तावाल. हदीस जमवणाऱ्या बुजुर्गांनी तर कोणी, कुणाकडून ऐकलं याची साखळी तपासल्याशिवाय एक वाक्य पुढे जाऊ दिलं नाही. सिनेमाची माहिती काही दीनची बाब नव्हे. पण जीभ तीच आहे, आणि सवय लागते ती सगळ्याच बोलण्याला लागते.

दुसरी खोड अधिक नाजूक आहे. 'बैजू बावरा'मधल्या (१९५२) त्या सुप्रसिद्ध भजनाचे शब्द शकील बदायुनी यांचे, संगीत नौशाद यांचं आणि आवाज मोहम्मद रफी यांचा. आपल्या मैफलीत हे सांगताना छाती फुगते. फुगावी, खरंच आहे ते. पण आपण तिथेच थांबतो. त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक विजय भट्ट होते, हे आपल्या मोजणीत येत नाही. त्यातली बैजू आणि तानसेन यांची जुगलबंदी पंडित द. वि. पलुस्कर आणि उस्ताद अमीर खान यांनी गायली. गोष्टीप्रमाणे तानसेन हरतो, आणि तानसेनासाठी गायले वयाने वडील असलेले उस्ताद! उस्ताद धाकट्याकडून हरायला राजी झाले म्हणून तो प्रसंग उभा राहिला. समोरचेही असंच अर्धं मोजतात, आपली नावं गाळतात, तेव्हा आपल्याला बोचतं. मग आपणही पुरती यादी म्हटली पाहिजे.

याचा सुंदर दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९४१ मध्ये व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली मराठीत 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी' काढला. एक हिंदू, एक मुसलमान, जिवाभावाचे म्हातारे शेजारी. धरणावरून गावात वितुष्ट येतं आणि शेवटी दोघं एकत्रच जीव देतात. मराठीत पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदीतही मिर्झा जागीरदारच. पण हिंदू ठाकूर कोण झाले? मजहर खान! मुसलमानाचं काम हिंदूने केलं, हिंदूचं काम मुसलमानाने. फाळणीच्या सहा वर्षं आधीचा हा चित्रपट आहे. हे नुसतं 'कोण कोण होतं' एवढंच सांगितलं तरी मुलं आपणहून पुढचे प्रश्न विचारतात. आम्ही अनुभव घेतला आहे.

आता घरी करण्यासारखं काही. जुना सिनेमा घरात लागला तर सुरुवातीची पाटी पळवू नका. पूर्वी सिनेमाचं नाव बहुधा उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन लिपींत येई. घरात उर्दू शिकणारं मूल असेल तर त्याला ते वाचायला लावा, दुसऱ्याला देवनागरी. बक्षिसाला एक पेढा पुरतो. मग सहायकांची बारीक अक्षरातली नावं वहीत उतरवायला सांगा. दादी-नानींना विचारा, त्यांनी ऐकलेलं लिहून घ्या, आणि पडताळून पाहा. जे पडताळता आलं नाही त्यापुढे 'ऐकीव' असं लिहा. हा एक शब्द लिहायला शिकलेलं मूल मोबाइलवर आलेली प्रत्येक गोष्ट पुढे पाठवणार नाही.

आणि ही नजर सिनेमापुरती ठेवू नका. ईदच्या दावतीला बिर्याणीची तारीफ होते तेव्हा मान डोलावतात घरमालक, आणि पहाटेपासून चुलीपुढे उभी असते ती सून, आतल्या खोलीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात आभार मानले जातात पाहुण्यांचे, आणि मंडप बांधणारा शिपाई मागे उभा राहतो. घरातल्या 'गुलाम मोहम्मद'चं नाव चारचौघांत घ्यायला पुरस्कार नाकारावा लागत नाही. "हे आमच्या सुनेने केलंय," एवढं म्हटलं तरी भागतं.

वाचकांना विनंती, आपल्या घरातल्या किंवा गावातल्या अशा एका माणसाबद्दल दहा ओळी लिहून पाठवा, ज्याचं काम सगळ्यांना माहीत आहे पण नाव कुणी घेत नाही. पाठवण्याआधी मात्र त्यांची परवानगी घ्या, आणि नाव नीट विचारून घ्या. टोपणनाव चालणार नाही.

खुदा हाफिज.