खुरप्याचा खर्च कोणाच्या पदरी?

सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करणाऱ्या व्यासपीठांवरून खते आणि कीटकनाशके यांवर वाचणाऱ्या पैशांचा हिशेब मोठ्या उत्साहाने मांडला जातो. तणाचा हिशेब मात्र क्वचितच निघतो. ‘झिरो बजेट’ या शब्दप्रयोगाने तर शेतीतला खर्चच नाहीसा झाल्याचा भास निर्माण केला आहे. तणनाशक वर्ज्य केल्याने तणाचा खर्च संपत नाही. तो दुकानदाराच्या बिलावरून उठतो आणि खुरपणाऱ्या बाईच्या पाठीवर जाऊन बसतो. ती मजूर असेल तर शेतकऱ्याच्या वहीत त्याची नोंद तरी होते. ती घरचीच असेल तर तेवढीही होत नाही.

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्याचे राणीसावरगाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मका हे या भागाचे मुख्य पीक नव्हे. खरिपात येथे सोयाबीन, कापूस आणि तूर यांचेच प्राबल्य. परंतु इथेनॉलसाठी मक्याची मागणी २०२३-२४ पासून झपाट्याने वाढली असून सोयाबीनच्या भावाने पोळलेला शेतकरी मक्याकडे वळण्याचा विचार करू लागला, तर त्यात नवल नाही. त्याच शेतकऱ्याला दुसरीकडून सेंद्रिय शेतीचा उपदेशही होत आहे. तेव्हा सेंद्रिय मक्यातले तण काढायला काय पडते, हे आधीच पाहिलेले बरे.

मक्याचे पहिले चाळीस दिवस निर्णायक असतात. त्यानंतर पिकाची सावली जमिनीवर पडते आणि तण आपोआप दबते. त्याआधी मोकळे सोडलेले तण उत्पन्नाचा एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक भाग सहज खाऊन टाकते. ओळींच्या मधले तण कोळप्याने निघते; ताटांच्या मधले तण काढायला खुरप्यावाचून गत्यंतर नाही. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीची आणखी एक अडचण आहे. पावसाची झड लागली की आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, औत शेतात घालता येत नाही आणि तेवढ्यात केना व लव्हाळा पिकाच्या वर जातात. उघडीप मिळाली की गावातील प्रत्येक शेतकऱ्याला त्याच चार दिवसांत बाया हव्या असतात. कापूस आणि सोयाबीनही त्याच वेळी खुरपणीला आलेले असतात. मजुरी चढते ती तेव्हा, आणि खुरपणीची गुत्ती दिली जातात तीही तेव्हाच.

सेंद्रिय शेतीचा प्रचार करणारे एक गोष्ट हमखास विसरतात. अर्धवट कुजलेले शेणखत शेतात टाकले की त्याबरोबर तणाचे बीही पेरले जाते. ढीग नीट तापून कुजला तर ते बी बऱ्याच अंशी मरते. पण तसा ढीग लावायला, उलटायला आणि त्यावर पाणी मारायला पुन्हा श्रम लागतात. पहिल्या पावसावर तण उगवू द्यावे, वखराची पाळी घालून ते मोडावे आणि मग पेरणी करावी, हा उपाय जुना आणि चांगला आहे. मात्र कोरडवाहू शेतकऱ्याने पेरणी आठवडाभर लांबवणे म्हणजे तेवढा पाऊस पणाला लावणे होय.

आता एक ढोबळ हिशेब करू. यातले आकडे गृहीत धरलेले आहेत. कार्यकर्त्यांनी त्यांच्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत. समजा, एक एकर मक्याला दोन खुरपण्या लागल्या, प्रत्येक खुरपणीला आठ बाया आणि रोज ३०० रुपये. हे ४,८०० झाले. दोन कोळपण्यांचे १,६०० धरले तर एकूण ६,४०० रुपये. शेजारच्या शेतात एक फवारणी, औषध व मजुरीसह १,२०० आणि एका कोळपणीचे ८००, म्हणजे २,०००. फरक ४,४०० रुपयांचा. उत्पन्न पंधरा क्विंटल आले तर क्विंटलमागे हा बोजा सुमारे २९३ रुपये पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी मक्याचा हमीभाव २,४०० रुपये होता. म्हणजे केवळ तणापायी सेंद्रिय मक्याला हमीभावापेक्षा बारा टक्के जास्त भाव मिळायला हवा. उत्पन्नातील घट आणि प्रमाणपत्र मिळण्यापूर्वीची रूपांतराची दोन-तीन वर्षे यात धरलेलीच नाहीत.

हा जास्तीचा भाव देणार कोण? अमेरिकेत सेंद्रिय मक्याला अनेकदा साध्या मक्याच्या जवळपास दुप्पट भाव मिळतो. त्याचे कारण शेतकऱ्याच्या पुण्याईत नसून कायद्यात आहे: ‘सेंद्रिय’ म्हणून विकायच्या दुधा-अंड्यांसाठी जनावरांना आणि कोंबड्यांना सेंद्रिय खाद्यच घालावे लागते. आपल्याकडे अशी साखळी मोठ्या प्रमाणावर उभी राहिलेली नाही. आपला मका जातो कोंबडीखाद्याला, स्टार्चला आणि इथेनॉलला. मोटारीच्या टाकीला मका सेंद्रिय आहे की नाही याच्याशी काही कर्तव्य नसते! मोंढ्यात दोन्ही मके एकाच ढिगात पडतात. कृषी खर्च व मूल्य आयोग घरच्या श्रमाची किंमत धरतो हे खरे. पण ती सरसकट सरासरी असते, आणि सेंद्रिय पिकासाठी वेगळा हमीभाव नाही.

तेव्हा शेतकरी तणनाशकाकडे वळला तर त्याला दोष देऊन भागणार नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने परवानगी नसलेल्या तणनाशक-सहिष्णू कापसाची जाहीर पेरणी केली. त्या आंदोलनाची खुल्या बाजाराची भूमिका मान्य होण्यासारखी नाही. पण निंदणीचा खर्च शेतकऱ्याला असह्य झाला आहे, हे त्यामागचे सत्य नाकारता येत नाही. ग्लायफोसेटला आपल्या देशात मान्यता होती ती चहाचे मळे आणि बिगरपिकाच्या जागा यांपुरती; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. मक्यात सर्रास वापरले जाणारे अ‍ॅट्राझिन भूजलात उतरते म्हणून युरोपीय संघाने केव्हाच बंद केले. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हेत. पण फवारणी करणाऱ्या मजुराच्या जिवाची किंमत आपल्या व्यवस्थेत काय आहे, ते तेथे दिसले.

समाजवादी कार्यकर्त्यापुढील खरा पेच निराळाच आहे. खुरपणीची मजुरी वाढली तर अल्पभूधारक मोडतो. ती कमी राहिली तर भूमिहीन बाई उपाशी राहते. दोघेही आपलेच. राणीसावरगावसारख्या गावात तर पुष्कळदा ती एकच व्यक्ती असते: सकाळी स्वतःच्या दीड एकरात खुरपून दुपारी दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणारी. तणनाशकाने वाचलेले ४,४०० रुपये तिच्या एका हाताला मिळतात आणि दुसऱ्या हातातून सुटतात. शिवाय खुरपणीला गेलेली बाई ओटीत तांदुळजा किंवा पाथरी घेऊन परतते. फवारलेल्या शेतात ती भाजीही जळते. जनाबाईच्या गंगाखेडात बाईच्या श्रमाचे मोल समजावून सांगावे लागू नये, पण लागते.

या पेचातून सुटण्याचा मार्ग शासनाच्या तिजोरीतून जातो. रासायनिक खतांवरील अनुदानासाठी केंद्र सरकार अलीकडच्या वर्षांत दरसाल दीड लाख कोटींहून अधिक रुपये खर्च करत आले आहे. जो शेतकरी ती खते घेत नाही, त्याच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. ती रक्कम वाचवून देणाऱ्याला निदान खुरपणीच्या मजुरीचा काही भाग मिळावा, ही मागणी भिकेची ठरत नाही. १९७२ च्या दुष्काळातून वर आलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी ही महाराष्ट्राचीच देणगी. तिच्यामुळे बाईला मजुरी ठरवताना पाय रोवून उभे राहता आले. अल्पभूधारकाच्या सेंद्रिय शेतातील खुरपणी या हमीत धरावी, मजुरी थेट बाईच्या खात्यावर जावी आणि शेतकऱ्याने आपला ठरावीक हिस्सा भरावा, अशी योजना अशक्य नाही. बड्या बागायतदाराला ती लागू होऊ नये, एवढी दक्षता मात्र हवी. प्रत्यक्षात वारे उलटे वाहत आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मनरेगाच्या जागी संसदेने जो कायदा संमत केला, त्यात शेतीच्या ऐन हंगामात एकूण साठ दिवस ही कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. मजुराचा भाव ज्या दिवसांत चढतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा पर्याय काढून घेण्याची ही युक्ती आहे.

गंगाखेड तालुक्यातील कार्यकर्त्यांनी यंदा जुलैच्या पहिल्या उघडिपीला बांधावर जाऊन खुरपणीला किती बाया लागल्या, रोज काय पडला आणि गुत्ते काय दराने गेले, हे लिहून घ्यावे आणि ग्रामसभेपुढे ठेवावे. दसऱ्यानंतर हे काम होणार नाही. तोवर ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेलेल्या असतात, आणि रब्बीच्या मक्यात खुरपायला उरतात त्या म्हाताऱ्या बाया आणि शाळा बुडवलेल्या मुली.