सराव परीक्षा आणि घरातील वडीलधारी

नातवंड 'नीट'ची तयारी करीत असेल, त्या घरातील रविवारची दुपार आपणांस परिचित असेल. दूरचित्रवाणी बंद असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हलक्या आवाजात बोलण्याची सूचना असते. पाच वाजता खोलीचे दार उघडते आणि सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न येतो : ''किती पडले?'' हा प्रश्न मायेपोटीच विचारला जातो, यात शंका नाही. परंतु सराव परीक्षेचा खरा लाभ गुणांच्या आकड्यात नसून त्या आकड्यामागे दडलेल्या तपशिलात असतो. आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी घरातील ज्येष्ठांचे साहाय्य, वाटते त्याहून अधिक मोलाचे ठरते.

प्रथम या परीक्षेचे स्वरूप थोडक्यात पाहू. वैद्यकीय प्रवेशाची ही राष्ट्रीय परीक्षा गेली काही वर्षे मे महिन्याच्या प्रारंभी, दुपारी दोन वाजल्यापासून होत आली आहे. २०२५ साली तीत १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे होते : भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. अचूक उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. एकूण गुण ७२०. त्या वर्षी देशभरातून २२ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले. मराठीतूनही ही परीक्षा देता येते.

सराव परीक्षा दोन कामे करते. पहिले काम निदानाचे. मधुमेह असलेल्या वाचकांना हे सहज उमजेल. रक्तशर्करेचा एक अहवाल वाईट आला म्हणून वैद्य रुग्णास दोष देत नाहीत. आहारात काय घडले, औषध चुकले का, झोप झाली का, हे ते तपासतात. अहवाल पाहून उपचारात काहीच बदल केला नाही, तर तपासणीचा खर्च व्यर्थ गेला असे समजावे. सराव परीक्षेचेही तसेच आहे.

दुसरे काम व्यायामाचे. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चालण्याची माहिती वाचून पायात बळ येत नाही, चालल्यानेच येते. स्मरणाचीही हीच रीत आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. इतरांनी तो पुन्हा न वाचता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे किंचित पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक उरले होते. पुस्तक पुनःपुन्हा चाळल्याने ''सारे येते'' असा भास होतो. पुस्तक मिटून आठवण्याच्या कष्टातून ज्ञान टिकते. म्हणूनच परीक्षेत अडखळणे हाही शिकण्याचाच भाग आहे, हे मुलास घरातून कळले पाहिजे.

आता निदान कसे करावे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, १३० उत्तरे बरोबर आली, ४० चुकली आणि १० प्रश्न सोडून दिले. ५२० मधून ४० वजा जाता ४८० गुण झाले. या ४० चुकांचे तीन भाग करावेत. समजा, १२ चुका घाईच्या निघाल्या : 'अयोग्य विधान ओळखा' असे असता योग्य विधान निवडले, एकक बदलायचे राहिले, किंवा उत्तरपत्रिकेवर भलत्याच ओळीतील वर्तुळ काळे केले. १८ प्रश्नांचे उत्तर वाचलेले होते, पण ऐनवेळी आठवले नाही. उरलेल्या १० प्रश्नांतील संकल्पनाच मुळात समजली नव्हती.

या तिन्हींवरचे उपाय निरनिराळे आहेत. समजले नाही ते शिक्षकांकडून समजावून घ्यावे. आठवले नाही ते दोन दिवसांनी, मग आठवड्याने, पुस्तक मिटून पुन्हा आठवून पाहावे. घाईच्या चुकांसाठी नवे पुस्तक नको, नवी शिकवणीही नको. प्रश्नातील 'नाही', 'वगळता', 'अयोग्य' या शब्दांखाली रेघ ओढण्याची सवय हवी. चुकीचे उत्तर बरोबर झाले की गेलेला एक गुण परत येतो आणि वर चार मिळतात. म्हणजे या १२ चुका टळल्या असत्या, तर केवळ तेवढ्यानेच ६० गुण वाढून ५४० झाले असते. ''अभ्यास कमी पडला'' असे सरसकट म्हटल्याने हे कधीच ध्यानात आले नसते.

यासाठी चुकांची एक स्वतंत्र वही असावी आणि परीक्षेस जेवढा वेळ लागला, तेवढाच वेळ दुसऱ्या दिवशी ती लिहिण्यास द्यावा. तपासणी न करता ओळीने पाच परीक्षा देण्यापेक्षा एक देऊन ती नीट तपासणे श्रेयस्कर. आरंभी एकेका प्रकरणाची छोटी चाचणी पुरते. अखेरच्या काही आठवड्यांत पूर्ण तीन तासांची परीक्षा, छापील उत्तरपत्रिकेवर पेनाने वर्तुळे काळी करून द्यावी. जुन्या प्रश्नपत्रिका अवश्य सोडवाव्यात. मात्र २०२४ पासून अभ्यासक्रमातील काही भाग वगळला गेल्याने त्याआधीचे सर्वच प्रश्न आज लागू पडत नाहीत.

आता घरच्यांच्या वाट्याचे काम. ज्येष्ठांनी करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे श्रोता होणे. अकरावीच्या जीवशास्त्रात हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडाचे कार्य, इन्सुलिन हे सारे विषय आहेत. त्यांतील कितीतरी आपण दररोज अनुभवतो! जेवणानंतर नातीला म्हणावे, ''माझ्या हृदयातले रक्त कुठून कुठे जाते, ते सांग पाहू.'' पुस्तक आपल्या हाती ठेवावे आणि ती अडली तर चटकन उत्तर न सांगता क्षणभर थांबावे. दहा मिनिटांचा हा संवाद उत्तम सराव चाचणीच आहे. आपल्यालाही आपल्या व्याधीची ओळख होईल. मात्र त्यावरून औषधांत फेरफार करू नये, तो अधिकार आपल्या डॉक्टरांचाच.

दुसरी गोष्ट दिनक्रमाची. दुपारी दोननंतर शरीरास स्वभावतःच सुस्ती येते, भरपेट जेवणाने ती वाढते. म्हणून पूर्ण सराव परीक्षा दोन ते पाच याच वेळेत व्हावी आणि त्या दिवशी जेवण थोडे लवकर व हलके असावे : वरण-भात, एखादी भाजी, ताक. उन्हाळ्यात पाण्याकडे लक्ष असावे. रात्रीच्या जागरणाचे कौतुक करू नये. दिवसा शिकलेले झोपेतच मेंदूत पक्के होते. या वयात सुमारे आठ तास झोप आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. घटते गुण पाहून मूल जेवेनासे झाले, रात्री झोपेनासे झाले, मित्रांना टाळू लागले, ''माझ्यामुळे तुमचे पैसे वाया जातात'' किंवा ''मी नसलेलेच बरे'' असे बोलू लागले, तर ते आळसाचे वा नाटकाचे लक्षण मानू नये. लातूर वा कोटा येथे दूर राहून शिकणाऱ्या नातवंडांच्या दूरध्वनीवरील आवाजातला बदलही दुर्लक्षू नये. अशा वेळी मुलास एकटे सोडू नये. शांतपणे जवळ बसावे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने असे विचार बळावत नाहीत, उलट मुलाला बोलण्याची वाट मिळते. मानसोपचारतज्ज्ञांची भेट तातडीने घ्यावी. शासनाची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. घरातील औषधे, विशेषतः आपल्या रोजच्या गोळ्या, अशा काळात कुलपात ठेवाव्यात.

या परीक्षेस कितीदा बसावे यावर सध्या मर्यादा नाही, कमाल वयाचीही अट नाही. आणि आरोग्यसेवेत परिचर्या, भौतिकोपचार, औषधनिर्माण असे अनेक मार्ग आहेत. ही गोष्ट घरात निकालानंतर सांत्वन म्हणून नव्हे, तर तयारीच्या काळातच सहज बोलली जावी. तेव्हा येत्या रविवारी पाच वाजता दार उघडले की आधी पाण्याचा पेला पुढे करावा. गुणांची चौकशी दुसऱ्या दिवशीसाठी ठेवावी, आणि तेव्हाही विचारावे ते इतकेच : ''या परीक्षेतून नवीन काय कळले?''