शीतकपाटाच्या दारातील तोटी

सुरतेतील मराठी घरांतून घडवंची अद्याप पुरती हद्दपार झालेली नाही. शेजारच्या गुजराती घरात ज्याला ‘पाणियारूं’ म्हणतात आणि जेथे पितरांच्या नावाने दिवा लावतात, त्याच मानाने आपल्या जुन्या मंडळींनी माठाची जागा राखून ठेवली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा फार मोठा भाग व्यापला, तेव्हा वरच्या मजल्यांवर अडकून पडलेल्यांना घरात भरून ठेवलेल्या पाण्याचे मोल कळले, आणि त्यानंतर काही घरांत माठ पुन्हा आला असे आम्ही स्वतः पाहिले आहे. तथापि नव्या सदनिकांतून या जागी आता शीतकपाट उभे आहे, आणि त्याच्या दारातच पाण्याची तोटी आहे. पेला टेकवावा, पाणी घ्यावे, दार उघडण्याचे कारण नाही. सोय खरोखरच उत्तम; परंतु ही तोटी एके दिवशी अकस्मात रुसते, आणि मग घरातील मंडळी थेट मिस्त्रीला बोलावणे धाडतात. त्याआधी काय पाहावे, याविषयी या अंकी लिहीत आहोत.

प्रथम आपल्या घरी कोणता प्रकार आहे हे ओळखावे. काही कपाटांत दाराच्या आतील बाजूस एक लहानशी टाकी असते व ती आपणच भरावयाची असते. येथे यंत्र असे फारसे नाहीच. टाकी जागेवर नीट बसली नसेल, किंवा तिच्या तळाच्या झडपेवर क्षारांचे पूट चढले असेल, तर पाणी अडते. कूपनलिकेचे जड पाणी वापरणाऱ्या घरी हे विशेष घडते. टाकी काढून कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व (येथील वाण्याकडे ‘लींबुना फूल’ म्हणून मागावे) विरघळवून झडप तासभर भिजत ठेवावी, मग स्वच्छ धुऊन, रबरी चकती जागच्या जागी आहे ना हे पाहून परत बसवावी. बहुधा एवढ्यावर काम भागते.

दुसरा प्रकार नळाला जोडलेल्या कपाटाचा, आणि खरा घोळ तेथेच. भिंतीतील तोटीपासून बारीक नळी निघते, कपाटामागील विजेच्या झडपेतून व गाळणीतून पाणी आत येते, आतील नळीत किंवा छोट्या टाकीत गार होते, आणि दारातून वर चढून पेल्यात उतरते. पट्टी दाबली की झडपेला वीज मिळते व ती उघडते. हात काढला की मिटते. हा मार्ग ध्यानात ठेवला म्हणजे अर्धे निदान झालेच.

सर्वांत आधी कुलूप पाहावे. मुलांनी पाणी सांडू नये म्हणून दारावरील फलकात कुलपाचे बटण असते. फडके फिरवताना ते दाबले जाते आणि तोटी मुकी होते. बहुतेक कपाटांत ते बटण दोन-तीन सेकंद दाबून धरले की कुलूप निघते. दार किंचित उघडे राहिले असले तरीही पुष्कळ कपाटे पाणी देत नाहीत. तेव्हा आतील डबा आडवा येत नाही ना, हेही पाहावे.

एवढे करून पाणी आले नाही तर कान लावावा. घरात शांतता करून एकाने पट्टी दाबावी आणि दुसऱ्याने कपाटामागे उभे राहून ऐकावे. ‘टक्’ असा आवाज किंवा बारीक गुणगुण ऐकू आली, तर वीज पोचते आहे, पाणी पोचत नाही. काहीच ऐकू आले नाही, तर दोष कुलूप, पट्टीमागील स्विच, दाराचा स्विच किंवा झडपेची तार यांत असण्याचा संभव अधिक, आणि तेथे आपण हात न घालता कारागिराला बोलवावे हेच शहाणपणाचे. कपाट आपोआप बर्फ करणारे असून बर्फ नियमित पडत असेल, तर पाणी मागच्या झडपेपर्यंत येते आहे हे सिद्धच झाले. अडथळा तोटीकडील फाट्यात शोधावा.

अडाजणच्या एका भगिनीने आम्हांस कळविलेली हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्यांचे कुटुंब दुसऱ्या मजल्यावरून त्याच इमारतीच्या दहाव्या, म्हणजे अगदी शेवटच्या, मजल्यावर राहावयास गेले. कपाट तेच, पण वर गेल्यापासून दारातून पाण्याची धार नाहीच, थेंब मात्र टपकत. घरातील तरुण मंडळी दिवसभर रिंग रोडच्या कापडबाजारात. सासूबाईंचे हात कापतात. भरलेली बाटली त्यांच्याने उचलवत नाही, आणि माठातून ओगराळ्याने पाणी काढताना सांडते. दारातील तोटीखाली पेला टेकवून त्या दुपारी आपले पाणी आपण घेत असत. ती गेली तेव्हा त्या पाणीच कमी पिऊ लागल्या, कारण प्रत्येक वेळी कोणाला हाक मारणे त्यांना रुचेना. कारागिराने झडप बदलली, पैसे घेतले, आणि थेंब तसेच टपकत राहिले. कपाट विकून टाकण्यापर्यंत गोष्ट आली होती.

शाळेत द्रवाचा दाब शिकविताना विज्ञानशिक्षक एका उभ्या डब्याला खाली-वर तीन छिद्रे पाडतात. खालच्या छिद्रातून धार दूर जाते, वरच्यातून जेमतेम ओघळते. इमारत हा असाच एक डबा होय. दहा मीटर उंचीच्या पाण्याने दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा दाब पडतो. गच्चीवरील टाकीपासून दुसरा मजला सहज २५ मीटर खाली, म्हणजे तेथे अडीच किलो दाब. दहावा मजला जेमतेम ५ मीटर खाली, म्हणजे अर्धा किलो. या कपाटांच्या झडपांना सामान्यतः किमान १.४ किलो दाब लागतो, म्हणजे १४ मीटरांची उंची हवी. झडप नवी घातली काय नि जुनी ठेवली काय, पाणी येणार कोठून? शिवाय दाब अपुरा असला की झडप नीट मिटतही नाही, आणि थेंब टपकण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. उपाय म्हणजे नळीवर लहानसा दाबपंप बसविणे. भिंतीवरील शुद्धिकरण यंत्राच्या तोटीतून कपाटाला जोड देणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. त्या यंत्राची टाकी हातभर उंचीवर असते आणि तिच्यातून नुसत्या उतारानेच पाणी येत असेल तर दाब जवळजवळ नाहीच. आमच्या मते नवे कपाट घेताना दुकानदाराला रंग विचारण्यापूर्वी आपला मजला सांगावा.

तोटी बर्फकप्प्याच्या दारात असेल तर आतील नळी गोठण्याचाही संभव असतो. बर्फकप्पा उणे १८ अंशांवर ठेवणे पुरेसे आहे; उन्हाळा आला म्हणून त्याहून पुष्कळ खाली नेला की दारातील पाण्याचीच कांडी होते. विजेची जोडणी काढून, दार उघडे ठेवून काही तास वाट पाहावी. मग पाणी आले तर निदान झाले. सुरी खुपसू नये आणि उकळते पाणी ओतू नये. नळी फुटली तर खर्च दुप्पट होतो.

राहता राहिली गाळणी. सुरतेचे पाणी तापीचे. १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण आणि १९९५ पासून भरतीचे खारे पाणी थोपवणारा सिंगणपोरचा बंधारा यांच्या आधाराने ते वर्षभर मिळते. परंतु पावसाळ्यात नदी गढूळते, आणि इमारतीच्या टाकीचा तळ तर त्याहून गढूळ. गाळणी साधारण सहा महिन्यांनी बदलावी असे सांगतात. टाकी धुतली जात नसेल तर तितकाही धीर धरू नये. धार दिवसेंदिवस बारीक होत जाऊन बंद पडली असेल, तर संशय प्रथम गाळणीवरच घ्यावा; एकाएकी बंद पडली असेल तर अन्यत्र. पुष्कळ कपाटांत गाळणी काढून तिच्या जागी बरोबर मिळालेले बूच लावता येते. तसे करताच धार मोठी झाली तर नवी गाळणी आणावी. बसवल्यावर नळीत हवा अडकते, तोटी खोकल्यासारखी फसफसते, पाणी काळपट येते. घाबरू नये, तो गाळणीतील कोळसा असतो. आठ-दहा लिटर पाणी बादलीत काढून टाकावे व तुळशीला घालावे, मगच पेला लावावा.