जाहीर इशारा : कॅमेरा परत घ्या, पैसे परत करा

कोल्हापुरातल्या ज्या दुकानातून मी लग्नसराईच्या तोंडावर डिजिटल कॅमेरा विकत घेतला, त्या दुकानाचे मालक, काउंटरवरचे विक्रेते आणि ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ म्हणत फोन ठेवून देणारे व्यवस्थापक, या सर्वांना हा जाहीर इशारा आहे. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही; ते तक्रार अर्जात येईल. हे आपल्याबद्दलच चाललं आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तुमच्यासारखं वागणारे आणखी कुणी दुकानदार असतील, तर त्यांनीही हा इशारा स्वतःलाच दिला आहे असं समजावं.

मागणी आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज राहणार नाही. कॅमेऱ्याची आणि सोबतच्या लेन्सची बिलावर लिहिलेली पूर्ण किंमत, करासकट, माझ्या बँक खात्यात जमा करा. ‘ऑफर’ म्हणून गळ्यात मारलेली बॅग आणि मेमरी कार्ड मी परत करते, त्यांचेही पैसे त्यातच धरा. ज्या फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्याच टेबलावर बसून काढून दिलंत, ते बंद झाल्याचं पत्र आणून द्या. क्रेडिट नोट घेणार नाही. ‘त्या किमतीत दुसरं काहीतरी घ्या’ हेही ऐकणार नाही. मुदत पंधरा दिवसांची, हा मजकूर प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून.

आता कारण.

मी लग्न, बारसं, डोहाळजेवण यांचे फोटो आणि व्हिडिओ काढते. घर त्यावर चालतं. कॅमेरा कशासाठी हवा, हे मी तुमच्या काउंटरवर सविस्तर सांगितलं होतं. मंगल कार्यालयातला अपुरा, पिवळट उजेड, सलग चालणारं चित्रीकरण, धावपळीत माणसाच्या डोळ्यांवर टिकून राहणारा फोकस, हे सगळं सांगितलं. उत्तर मिळालं, ‘ताई, डोळे झाकून घ्या.’ पुढे असंही सांगितलं गेलं की हा कॅमेरा चार-के व्हिडिओ कितीही वेळ चालवला तरी तापत नाही, नवा स्टॉक आहे, आजच खोका फुटतोय. खोका फुटला तो आतल्या खोलीत. बाहेर आला तेव्हा पट्टा लावलेला होता, बॅटरी भरलेली होती आणि तारीख-वेळ आधीच बसवलेली होती. कोरा कॅमेरा पहिल्यांदा सुरू केला की आधी भाषा आणि तारीख विचारतो. ‘तुमचा वेळ वाचावा म्हणून आम्हीच करून ठेवलं,’ असं मला हसून सांगण्यात आलं.

पहिल्याच लग्नात, अंतरपाट धरलेला असताना, शेवटची मंगलाष्टका सुरू झाली आणि पडद्यावर तापमानाचं चिन्ह उमटून कॅमेरा बंद पडला. ‘सावधान’ हा शब्द, उधळलेल्या अक्षता, बाजूला झालेला अंतरपाट, यातलं काहीही त्या कॅमेऱ्यात नाही. गळ्यात जुना कॅमेरा होता म्हणून निभावलं. लग्न पुन्हा लावता येत नाही. ज्या घरानं विश्वासानं काम दिलं, त्यांच्यासमोर माझी मान खाली गेली असती, ती तुमच्या एका खोट्या वाक्यामुळे. ‘किरकोळ तक्रार’ म्हणून तुम्ही ज्याची बोळवण करता, त्याची किंमत ही आहे.

त्यानंतर मी तुमचा कॅमेरा शांतपणे तपासला. तिपाईवर लावून, सपाट भिंतीवर चिकटवलेल्या छापील कागदाचे फोटो प्रत्येक छिद्रमानावर काढले. डावी कड स्वच्छ, उजवी कड सगळीकडे धूसर. हा फोकसचा दोष असता तर छिद्र लहान केल्यावर बराच झाकला गेला असता. इथे लेन्समधली काचच एका बाजूला सरकलेली दिसते. झाकण लावून लांब एक्स्पोजर दिलं, तर काळ्या चौकटीत लाल-निळे ठिपके दर वेळी त्याच जागी. फ्लॅश बसवायच्या पट्टीवरचा रंग खरवडलेला, म्हणजे माझ्या आधी कुणीतरी त्यावर फ्लॅश चढवला-उतरवला आहे. शेवटी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सिरीयल नंबर दिला. वॉरंटी माझ्या बिलाच्या तारखेच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. तुम्ही मला वापरलेला नग नवा म्हणून विकलात. सर्व्हिस सेंटरची जॉब शीट माझ्याकडे आहे.

यावर तुमची उत्तरंही नोंदवून ठेवते. आधी सांगितलं, सॉफ्टवेअर अपडेट करा. मग, लेन्स बदला, थोडे पैसे घाला. मग, सर्व्हिस सेंटरचा प्रश्न आहे, आमचा नाही. आणि सगळ्यात शेवटी, ‘ताई, सेटिंग जमत नसेल तर कुणा जाणकाराला दाखवा.’ हे वाक्य कोल्हापुरात बोलताना थोडा विचार करायचा होता. याच गावात बाबूराव पेंटरांनी आपले साथीदार दामले यांना हाताशी धरून चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याची आठवण सांगणारा स्तंभ उभा आहे. इथल्या फोटोग्राफरला, मग ती बाई असली तरी, यंत्र उघडं पाडता येतं. माझं शिक्षण काढून तुमचा माल नवा होणार नाही.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. कॅमेरा हातात जड वाटला, रंग पसंत पडले नाहीत, महिन्याभरात त्याहून चांगला बाजारात आला, एवढ्यावरून कुणी दुकानात जाऊन पैसे मागत असेल तर मी त्या ग्राहकाच्या बाजूनं उभी राहणार नाही. नुसत्या नावडीसाठी दुकानातला माल परत करायचा हक्क कायदा देत नाही. पण विकणाऱ्यानं जे सांगितलं ते मालात नसेल, तर गोष्ट आवडीनिवडीची राहत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली ‘दोष’ या शब्दाची व्याख्या वाचा. गुणवत्तेतली किंवा दर्जातली जी उणीव कायद्याप्रमाणे, कराराप्रमाणे, किंवा विक्रेत्यानं कोणत्याही रीतीनं केलेल्या दाव्याप्रमाणे असायला नको, ती उणीव म्हणजे दोष. कोणत्याही रीतीनं, म्हणजे काउंटरवर तोंडानं सांगितलेलंही त्यात आलं. ‘तापत नाही’ हे तुमचं वाक्य तुम्ही मालाबरोबर विकलंत. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत तापमानाची सूचना छापलेली आहे. ती तुम्ही वाचली नसेल तर दावा करायचा नव्हता. वाचून दावा केला असेल, तर ते जास्त गंभीर आहे.

बिलाच्या तळाशी तुम्ही ठळक अक्षरांत छापता, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ भिंतीवरही तीच पाटी. या पाटीमागे लपू नका. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही याच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, दिली नसेल तर तीस दिवसांत. मुदत छापायची मोकळीक तुम्हाला आहे. सरसकट नकार छापून ती जबाबदारी टळत नाही. माझी लेखी तक्रार त्या तीस दिवसांच्या आत तुमच्या हातात पडली आहे, पोच माझ्याकडे आहे. जुना किंवा वापरलेला माल नवा म्हणून दाखवणं हीसुद्धा स्वतंत्र अनुचित प्रथा आहे.

तुमच्या व्यवस्थापकांनी मला आणखी एक धाक घातला. ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, ग्राहक आयोगात तुमचं चालणार नाही.’ हे ऐकून अनेक फोटोग्राफर, शिवणकाम करणाऱ्या बायका, झेरॉक्सवाले गप्प बसतात. त्यांनी गप्प बसू नये. स्वयंरोजगारातून केवळ आपला चरितार्थ चालवण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणारा माणूस कायद्याच्या नजरेत ग्राहकच आहे. ‘व्यापारी हेतू’ या शब्दांतून कायद्यानं त्याला स्पष्ट बाहेर काढलं आहे. माझ्याकडे कामाला माणसं नाहीत. कॅमेरा मी धरते.

सोळाव्या दिवशी काय होईल, तेही नीट समजून घ्या. मी तुमच्या दुकानासमोर उपोषणाला बसणार नाही, काचा फोडणार नाही, कुणाला घेऊन येणार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात अर्ज दाखल करीन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही. वकील लागतोच असं नाही, मी स्वतः बोलू शकते. नोटीस मिळाल्यावर उत्तर द्यायला तुम्हाला ३० दिवस, आणि आयोगानं दिले तर फार तर आणखी १५. कॅमेरा प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली तर पाठवा, मला तेच हवं आहे. माझी मागणी फक्त किमतीची आहे, कारण मला कामाला परत लागायचं आहे. आयोगात मात्र किंमत व्याजासह, मनस्तापाची भरपाई आणि खर्च असं सगळं मागेन. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्याला किमान एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे मी रागानं लिहीत नाही. कायद्याच्या बहात्तराव्या कलमात आहे, तुमच्या वकिलाला विचारा.

दरम्यान मला फोन करून ‘आपण मिटवून टाकू’ म्हणू नका. जे सांगायचं ते लिहून, दुकानाच्या शिक्क्यासह सांगा. कॅमेरा दुरुस्तीला द्या म्हणाल तर देणार नाही. तो आता पुरावा आहे, आणि तुमच्या आतल्या खोलीत तो पुन्हा जाणार नाही.

ज्यांना दसरा-दिवाळीला मुलासाठी किंवा धंद्यासाठी कॅमेरा घ्यायचा आहे, त्यांनाही ही ताकीदच समजा, कारण हे माझ्या एकटीचं नाही. खोका डोळ्यांसमोर फुटल्याशिवाय पैसे देऊ नका. खोक्यावरचा, कॅमेऱ्याच्या तळावरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे का, हे तिथेच पाहा. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि छापील किंमत नसेल, तर कितीही स्वस्त मिळो, तो माल परत ठेवा. कंपनी उद्या ओळखही दाखवणार नाही. ‘बिलाशिवाय घ्या, कर वाचेल’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून बाहेर पडा. विक्रेता जो गुण छातीठोकपणे सांगतो, तो त्याला बिलावर लिहायला सांगा. लिहीत नसेल तर समजून जा. ‘माल तपासून घेतला’ या ओळीखाली, तपासल्याशिवाय सही करू नका. घरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कॅमेरा खऱ्या कामात, खऱ्या उजेडात राबवून बघा, कारण तीस दिवस फार लवकर जातात. दोष दिसला की फोनवर भांडत बसू नका. कागदावर लिहा, पोच घ्या. ऑनलाइन घेतलेल्यांनीही दबून राहू नये: सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. कॅमेरा बंद पडला म्हणून हप्ता थांबत नाही. या महिन्यातही माझ्या खात्यातून तो कापला गेला, आणि ते पैसे मी ज्या कॅमेऱ्यानं कमावले, तो या दुकानातला नाही. रागाच्या भरात हप्ता बुडवू नका, पतनोंद तुमचीच खराब होईल. फायनान्स कंपनीला तक्रारीची प्रत पाठवा आणि आयोगातल्या अर्जात तिलाही पक्षकार करा. मी तसंच करणार आहे.

दुकानाच्या मालकांना शेवटचं. तुम्हाला हे सगळं ठाऊक नसेल आणि काउंटरवरच्या पोरांनी परस्पर केलं असेल, असं मी अजूनही मानायला तयार आहे. तसं असेल तर पंधरा दिवस पुष्कळ झाले. बिल, पट्टा, चार्जर, खोका, सगळं जसंच्या तसं माझ्याकडे आहे. पैसे जमा झाल्याचा बँकेचा संदेश आला की त्याच दिवशी दुकानात येऊन, दोन साक्षीदारांसमोर कॅमेरा ताब्यात देईन आणि पोच घेईन. संदेश आला नाही, तर सोळाव्या दिवशी सकाळी अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर दाखल होईल. अर्ज लिहून तयार आहे, फक्त तारीख घालायची आहे.