विकणे आहे : एक विमान, वय ऐंशीच्या घरात

दोस्तांनो, वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती तुम्ही वाचता का? मला त्यांचा भारी नाद. ‘शिवणयंत्र विकणे, चालू स्थितीत.’ ‘लुना विकणे, एकहाती वापर.’ चार शब्दांत अख्खं घर दिसतं. शिवणयंत्र कोणाचं असेल, आता का विकताहेत, असं मनात चालू होतं.

आज तुमच्यासाठी अशीच एक जाहिरात आणली आहे. ती मीच जुळवली आहे, पण अमेरिकेत अशा जाहिरातींचा मोठा बाजार आहे. तिथे १९३७ साली ‘ट्रेड-अ-प्लेन’ नावाचं, पिवळ्या कागदावर छापलेलं एक पत्र निघालं, आणि त्यात जवळपास जाहिरातीच असायच्या. सगळ्या विमानांच्या! तर वाचा :

‘विकणे आहे : पायपर जे-३ कब, १९४६. एकूण उड्डाण ४,२०० तास. इंजिन ए-६५, ओव्हरहॉलनंतर ३१० तास. कॉम्प्रेशन ७६, ७४, ७५, ७२. कापड २००६ चं. कायम हँगरमध्ये. १९६१ मध्ये उजवा पंख दुरुस्त, कागद आहेत. सर्व लॉगबुकं पहिल्या दिवसापासून.’

काय, निम्मी जाहिरात डोक्यावरून गेली ना? आणि विमानाला ‘कापड’ कसलं? थांबा, एकेक उलगडू.

कब म्हणजे दोन माणसांचं, एका इंजिनाचं चिमुकलं विमान. एकापुढे एक अशा दोन खुर्च्या. एकटाच वैमानिक असला, तर तो मागच्या खुर्चीत बसतो, नाहीतर वजनाचा तोल बिघडतो. पिवळाधम्मक रंग आणि अंगावर विजेसारखा काळा पट्टा. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड गावी पायपरचा कारखाना होता. तो १९३७ मध्ये जळाला, तेव्हा मंडळी लॉक हेवन गावातल्या रेशमाच्या एका बंद गिरणीत येऊन राहिली. तिथे १९३८ ते १९४७ या काळात जवळपास २०,००० कब बनली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतले हजारो नवे वैमानिक यावरच उडायला शिकले.

इंजिन ६५ अश्वशक्तीचं. वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे खाली हायवेवरची मोटार पुढे गेली, तर रागवायचं नाही! बॅटरी नाही, स्टार्टर नाही. एकाने पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा आणि आत बसलेल्याने ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून ओरडायचं. पेट्रोलचा काटा तर ऐकाच. टाकीत एक बूच तरंगतं, त्याला खोचलेली तार झाकणातून वर डोकावते. तार बुडत चालली की उतरायला जागा शोधा! सारं कसं डोळ्यांसमोर.

आता समजा, हे विमान तुमचं आहे. तुम्ही त्या पेनसिल्व्हेनियातल्याच एका खेड्यात राहता, सत्तरी उलटली आहे आणि कबमध्ये चढायला करावी लागणारी कसरत गुडघ्यांना सोसवत नाही. विकायचं ठरलं. मग?

पहिली विचारणा होते ती लॉगबुकांची. विमानाची एक वही आणि इंजिनाची एक वही असते. किती तास उडालं, केव्हा काय बदललं, कोणत्या मेकॅनिकने तपासलं, सगळं सहीनिशी. आपल्याकडे जमिनीचा सातबारा बघतात ना, तसंच. दर बारा महिन्यांनी वार्षिक तपासणी झालीच पाहिजे, म्हणजे मोटारीच्या पासिंगसारखं, पण कितीतरी कडक. ती झाली नसेल तर विमान उडवायला बंदी. या वह्या हरवल्या, तर चांगल्यातल्या चांगल्या विमानाचा भावही धाडकन खाली येतो. कारण मधली वीस वर्षं कोरी असली, की घेणारा त्यात स्वतःच्या मनाने वाईटातलं वाईट भरतो.

इंजिनाचं बघू. ‘ओव्हरहॉलनंतर ३१० तास’ म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नवंजुनं केल्यावर एवढं चाललंय. या इंजिनाला साधारण १,८०० तासांनी असं काम काढावं, असं बनवणारे सांगतात. म्हणजे अजून भरपूर आयुष्य, नाही का? घेणारा मुरलेला असेल तर तो लगेच विचारेल, ‘३१० तास किती वर्षांत?’ गंमत आहे बघा. विमानाचं इंजिन उडून जेवढं झिजतं, त्याहून जास्त कधी कधी नुसतं उभं राहून बिघडतं. आत दमट हवा साठते, गंज चढतो. दर रविवारी उडून ९०० तास झालेलं इंजिन मी एक वेळ डोळे मिटून घेईन. वीस वर्षांत ३१० तास झालेलं मात्र चष्मा लावूनच बघेन.

आणि ते ७६, ७४, ७५, ७२? ही चार सिलिंडरांची नाडीपरीक्षा. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाने हवा भरायची आणि त्यातली किती टिकते ते मोजायचं. सुटणारी हवा कुठून सुटते ते मेकॅनिक चक्क कान लावून ऐकतो. धूर सोडणाऱ्या नळीतून सूं आवाज आला तर तिकडची झडप गळते. तेल भरायच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. डॉक्टर छातीला नळी लावतात, अगदी तस्सं!

हां, ते कापड. कबचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर ताणून बसवलेलं कापड. पूर्वी सुती असायचं, आता पॉलिएस्टर. ते चिकटवल्यावर त्यावरून इस्त्री फिरवतात, हो, इस्त्रीच! उष्णतेने कापड आक्रसतं आणि ढोलाच्या कातड्यासारखं ताठ होतं. मग त्यावर रंगाचे थर. या कापडाचा खरा शत्रू पाऊस नव्हे, ऊन. म्हणून रंगाखाली ॲल्युमिनियमच्या भुकटीचा चंदेरी थर देतात, म्हणजे किरण आत शिरत नाहीत. आणि म्हणूनच ‘कायम हँगरमध्ये’ या दोन शब्दांना भाव आहे. सुती कापडाचं बळ नव्याला लागणाऱ्या बळाच्या सत्तर टक्क्यांखाली गेलं, की रंग कितीही सुंदर दिसो, कापड उतरवावंच लागतं.

(आपल्याकडेही अशी कापडी विमानं होती, बरं का. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने केलेलं ‘पुष्पक’ १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. दोघांना शेजारी शेजारी बसायची सोय. फ्लाइंग क्लबांतून कितीतरी भारतीय वैमानिक त्यावर शिकले.)

आता १९६१ सालचा उजवा पंख. कबला शेपटीखाली चाक असतं, त्यामुळे उतरताना जरा दुर्लक्ष झालं की ते जमिनीवरच गर्रकन फिरतं आणि पंख टेकतो. तुम्हाला वाटेल, साठाहून जास्त वर्षांपूर्वीची गोष्ट, जाहिरातीत कशाला लिहायची? काही विकणारे लिहीत नाहीत. पण मोठी दुरुस्ती झाली की मेकॅनिक एक फॉर्म भरतो आणि त्याची प्रत ओक्लाहोमा सिटीला जाते. अमेरिकेतल्या सगळ्या विमानांची नोंदणी तिथे आहे. त्या विमानाची अख्खी फाईल कुणीही पैसे भरून मागवू शकतो. फाईल उघडली आणि न सांगितलेला पंख बाहेर आला, की घेणारा म्हणणार, ‘हे लपवलंत, मग आणखी काय काय?’ खरं तर नीट दुरुस्त झालेल्या पंखात काही वावगं नसतं. एवढ्या वर्षांत एकदाही न आपटलेलं कब मिळणं तसं दुर्मीळच.

पण जाहिरातीत एक गोष्ट नाही. लक्षात आली? मला सर्वात काळजी तिचीच आहे.

कबचे पंख वर, छताशी जोडलेले असतात. त्यांना खालून तिरके दांडे आधार देतात. त्यांना म्हणतात स्ट्रट. एका पंखाला दोन, एक पुढे आणि एक मागे. हवेत विमानाचा भार पंखांवर येतो तेव्हा हे दांडेच ताण झेलतात. एक तुटला तर पंख दुमडतो. तिथे दुसरी संधी नाही. हे दांडे आतून पोकळ. कुठून तरी पाणी शिरतं, खालच्या टोकाला साचतं आणि पोलाद आतून गंजायला लागतं. बाहेर पिवळाधम्मक रंग आणि आत पापुद्रे! म्हणून १९९३ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने हुकूम काढला : पायपरच्या अशा विमानांचे स्ट्रट दर दोन वर्षांनी तपासा. एका टोकदार स्प्रिंगच्या उपकरणाने दांडा खालून वर दाबत जायचं. खोक पडली, तर तो दांडा भंगारात. नाहीतर एकदाच नवे, दोन्ही टोकं बंद केलेले स्ट्रट बसवा, की दांड्यांच्या त्या पुन्हापुन्हा तपासणीतून सुटका.

आता तुमची गोष्ट अशी आहे : तुमचे स्ट्रट जुनेच आहेत. मागची तपासणी वीस महिन्यांपूर्वी झाली, त्यात पास. म्हणजे अजून चार महिने कागदोपत्री सगळं चोख. पण परवा विकायच्या तयारीने विमान पुसताना, डाव्या मागच्या दांड्याच्या खालच्या टोकाला बोटाला बारीकसा फुगवटा लागला. कदाचित रंगाचा फोड असेल. नव्या स्ट्रटना काही हजार डॉलर पडतात. आणि घेणारा उद्याच येतोय, टेक्सासहून, पैसे तयार ठेवून.

काय कराल? खरं सांगा हं.

‘तो स्वतःचा मेकॅनिक आणेलच की, त्याला सापडेल तर सापडेल,’ हे उत्तर मनात येतं. माझ्याही आलं. खरेदीच्या आधी घेणाऱ्याने स्वतःचा मेकॅनिक लावून तपासणी करून घ्यायची पद्धत आहेच. पण तो मेकॅनिक नेमकं तिथे दाबेल का? आणि त्या दांड्याच्या भरवशावर पुढच्या आठवड्यात कोण बसणार आहे? तुम्ही नाही. कदाचित त्याची तुमच्याएवढी मुलगी, पुढच्या खुर्चीत.

मी तर रात्रीच फोन करून त्याला सांगितलं असतं, ‘दोन दिवस थांबा, आधी दांडा दाबून बघू.’ दांडा आत गेला तर चारही बदलायचे. खर्च आपला. हां, जाहिरातीत मग ‘नवे सीलबंद स्ट्रट’ असं लिहिता येतं आणि जाणकार माणूस तेवढ्या ओळीवर थांबतो, हा फायदाही आहेच. पण फायदा नसता तरी फोन करायचा तो करायचाच.

पुढचं काम झटपट. विमानावर कर्जाचा बोजा नाही ना, हे ओक्लाहोमा सिटीतून बघून घेतात. एक पानाचं विक्रीपत्र असतं. विमानाचा नंबर ‘एन’ अक्षराने सुरू होतो आणि तो सहसा तसाच राहतो. आपल्या विमानांचा ‘व्हीटी’ने होतो, पण त्याचा मुंबईच्या जुन्या व्ही.टी. स्टेशनाशी संबंध लावू नका! भाव? कब नवं होतं तेव्हा सुरुवातीला हजार डॉलरच्या थोडं वर मिळायचं. आज नीट राखलेल्याला तीस-चाळीस हजार किंवा त्याहूनही अधिक. २००४ मध्ये तिथे हलक्या विमानांसाठी सोपं लायसन्स निघालं आणि त्यात कब बसलं, त्यामुळे मागणी आणखी वाढली.

मोटार विकताना किल्ली हातावर ठेवून ‘घ्या, तुमची झाली’ म्हणतात. इथे तेही नाही, कारण मूळ कबला किल्लीच नसते. मग शेवटी एकच करायचं उरतं : विकत घेणाऱ्यासाठी पंखा आपल्या हाताने फिरवून द्यायचा. तो आतून ‘कॉन्टॅक्ट’ ओरडणार आणि या वेळी बाहेर तुम्ही.

पेट्रोल जेमतेम ४५ लिटर, त्यात अडीच-पावणेतीन तासांचं उडणं. दिवे नाहीत म्हणून रात्री उडायचं नाही. टेक्सासला पोचायला त्याला दोन-तीन दिवस तरी लागतील, दर दोन तासांनी कुठल्यातरी गवताळ धावपट्टीवर उतरत, पेट्रोल भरत.

लॉगबुकं मात्र विमानातून द्यायची नसतात. वाटेत काही झालं तर विमान आणि त्याचा इतिहास एकदम जायला नको, म्हणून जुनी मंडळी वह्या वेगळ्या पाठवतात. तेव्हा ठिपका दिसेनासा झाला की हँगरला कडी लावा, वह्या खोक्यात बांधा आणि पोस्टात जा. नोंदणीच्या कागदामागे घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून, सही करून तोही ओक्लाहोमा सिटीला पाठवायचा आहे. विसरलात, तर तिकडच्या दप्तरात विमान अजून तुमचंच!