प्रमाणपत्र आणि पात्रता

शिक्षण अर्धवट सुटण्याची कारणे बहुधा विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसतात. ती त्याच्या परिस्थितीत असतात. घरातील कर्त्या माणसाचे आजारपण, स्थलांतर, लवकर झालेले लग्न, पोटापाण्याची चिंता अशा कारणांनी शाळा सुटते. काही वर्षांनी तीच व्यक्ती महाविद्यालयाच्या दाराशी येते, तेव्हा तिच्याजवळ पैसाही नसतो आणि शालेय प्रमाणपत्रही नसते. प्रमाणपत्र नाही म्हणून तिला आर्थिक मदतही नाकारावी का? हा प्रश्न अमेरिकेत दीर्घकाळ वादाचा ठरला आहे.

अमेरिकेत १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यान्वये गरजू विद्यार्थ्यांना संघीय सरकारची मदत मिळते. त्यातील 'पेल अनुदान' सामान्यतः परत फेडावे लागत नाही. २०२४-२५ या वर्षासाठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. त्यासाठी माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र किंवा समकक्ष पात्रता लागते. 'जीईडी' ही अशीच समकक्ष परीक्षा होय. दुसऱ्या महायुद्धात ज्यांचे शिक्षण खंडित झाले, त्या सैनिकांसाठी ती १९४२ मध्ये सुरू झाली. शाळेत न जाता मिळवलेले ज्ञानही ज्ञानच असते, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. भारतातील मुक्त विद्यालयाची उभारणीही याच विश्वासावर झाली आहे.

ज्यांच्याजवळ अशी कोणतीच पात्रता नव्हती, त्यांनाही पूर्वी एक वाट खुली होती. मान्यताप्राप्त चाचणी उत्तीर्ण होऊन किंवा महाविद्यालयातील सहा श्रेयांक मिळवून त्यांना आपली क्षमता सिद्ध करता येई. २०१२ मध्ये ही वाट नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. डिसेंबर २०१४ मध्ये ती पुन्हा उघडली. परंतु शालेय शिक्षणाची पूर्तता आणि व्यवसायशिक्षण यांची सांगड घालणाऱ्या ठरावीक अभ्यासक्रमांपुरतीच.

या सवलतीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. काही खाजगी संस्थांनी सरकारी पैशाच्या लोभाने पुरेशी तयारी नसलेल्यांना प्रवेश दिले. चाचण्यांतील गैरप्रकारही उघडकीस आले. अशा वेळी विद्यार्थ्याच्या पदरी पदवीऐवजी कर्ज पडते. तथापि, अपराध संस्थेचा आणि शिक्षा शिकणाऱ्याला, हा न्याय नव्हे. चाचणीवर कडक देखरेख ठेवणे आणि दोषी संस्थांची मान्यता काढून घेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

आणखी एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. ते सहा श्रेयांक संघीय मदतीवाचून मिळवावे लागतात. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा नाही, त्यानेच आधी पैसा उभा करून आपली लायकी दाखवायची! गरिबाला हा मार्ग कागदावरच मोकळा राहतो.

याचा अर्थ प्रमाणपत्राला मोल नाही, असा मुळीच नव्हे. समकक्ष परीक्षेची वाट कष्टाची असली तरी पक्की असते. धोरणे बदलली तरी हाती आलेली पात्रता सहसा कोणी हिरावून घेत नाही. शिकणाऱ्याने ती जरूर मिळवावी. परंतु समाजानेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे. प्रमाणपत्र हा मागे काय शिकले याचा पुरावा आहे. पुढे काय शिकता येईल याचा तो एकमेव पुरावा नाही. मदतीचा निर्णय करताना गरज आणि क्षमता या दोहोंकडे पाहणारी व्यवस्थाच खऱ्या अर्थाने न्याय्य म्हणता येईल.