प्रिंट दिलीय, पण गेली कुठे?

११ वाजता मीटिंग आणि ऑफिसचा प्रिंटर ढिम्म! मग आपण काय करतो? पुन्हा प्रिंट. पुन्हा प्रिंट. थांबा, बॉस! त्या सगळ्या कॉपीज रांगेत थांबतात आणि प्रिंटर जागा झाला की भसाभस बाहेर पडतात. त्यात तुमचा नवा बायोडेटा असला तर?

आधी शेजारच्याला विचारा. त्याची प्रिंट येतेय? मग घोळ बहुधा तुमच्याच पीसीत. अडकलेले जॉब रद्द करा. होत नसतील तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ रीस्टार्ट करा. परवानगी नसेल तर आयटीवाल्याला गाठा.

कुणाचीच येत नाहीये? कागद, केबल बघा. मग प्रिंटरचा आयपी अ‍ॅड्रेस. राउटर रीस्टार्ट झाला की तो कधीकधी बदलतो आणि पीसी बिचारा जुन्याच पत्त्यावर टपाल टाकत बसतो. तो पत्ता कायमचा फिक्स करून घ्या.

आणि हो, बायोडेटा घरीच छापा!